खडकांत राहिलेला वारा

(जालना जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्या जिल्ह्यात थोडा परका वाटावा असा आहे. वाऱ्याने उडवून आणलेली वाळू, तिचे ढिगारे, आणि त्या ढिगाऱ्यांचे कोट्यवधी वर्षांनी झालेले खडक यांविषयी मी बोलणार आहे. जालना जिल्ह्यात भोकरदनपासून परतूरपर्यंत कोठेही गेलो, तरी पायाखाली काळा पाषाण आणि त्यावर काळी माती. येथे वाळवंटाच्या गोष्टी कशाला, असे कोणी मनात म्हणत असेल तर मी त्याला दोष देणार नाही. मीही तसेच म्हटले असते. परंतु सभागृहात शिरताना गोदाकाठच्या एका सदस्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली, आणि मी घरून आणलेले टिपण बाजूस ठेवले. चिठ्ठीतील मजकूर असा आहे: "आमच्या गावाला गोदावरीच्या वाळूतील पाण्याने आजवर जगविले. वाळू कमी झाली तसे पाणीही कमी झाले. काळ्या दगडाच्या खाली पूर्वीच्या काळची वाळू असेल काय? असल्यास तेथवर बोअर घ्यावा, असे गावात चालले आहे. वर्गणी जमविण्याचे ठरले आहे."

प्रश्न अगदी नेमका आहे. जगात एके ठिकाणी याचे उत्तर "होय" असे आहे, आणि तेथील वाळू वाऱ्यानेच आणलेली आहे. तेव्हा चिठ्ठीचे उत्तर देण्यासाठी मला वाऱ्यापासूनच आरंभ करावा लागेल. थोडा धीर धरावा, ही विनंती.

खळ्यावरची उपणणी आपण सर्वांनी पाहिली आहे. मळणीयंत्रे आल्यापासून नव्या पिढीने ती कमी पाहिली असेल. तिवईवर उभे राहून सुपातले धान्य वाऱ्यावर सोडले की दाणा पायाशी पडतो, भूस चार हातांवर जाऊन पडते, आणि बारीक धूळ शेजारच्या वावरात जाते. वारा रेतीबाबत हेच करतो. जड खडे त्याला उचलत नाहीत, ते जागच्या जागी राहतात. अगदी बारीक धूळ तो आकाशात उंच नेतो आणि शेकडो कोस दूर टाकतो. या दोहोंच्या मधली वाळू, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर जाडीचा कण, जमिनीलगत उड्या मारीत पुढे सरकते. कण उडतो, खाली आदळतो, आदळताना दुसऱ्या दोन-चार कणांना उडवितो, आणि अशी साखळी चालू राहते. कोरड्या, मोकळ्या वाळूवर ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाचा वारा सुटला की ही हालचाल सुरू होते. या उड्या फारशा उंच नसतात. वाळूच्या वादळात उभ्या माणसाच्या पायांना वाळू बोचते, पण डोक्याभोवती बहुतेक धूळच असते. हे सारे गणित राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याने मांडले. ईजिप्त व लिबियाच्या वाळवंटांत मोटारी घालून फिरण्याचा त्याला छंद होता. वाळवंटात पाहिलेले त्याने इंग्लंडमध्ये परत आल्यावर वायुबोगद्यात तपासले आणि १९४१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही वाळूचा अभ्यास करणारा मनुष्य त्या ग्रंथापासूनच सुरुवात करतो.

वाळू सरकत असताना कोठे खडक, कोठे झुडूप आडवे आले की तेथे ढीग साचतो. ढिगाच्या वाऱ्याकडील बाजूने कण वर चढतात आणि माथ्यावरून पलीकडे घसरतात. ही घसरणीची बाजू नेहमी एका ठराविक कोनात उभी राहते. जालन्याच्या मोंढ्यात ज्वारीची रास आपण पाहता. वरून कितीही पोती ओतली तरी तिचा उतार वाढत नाही. दाणे घसरतात आणि रास रुंदावते. कोरड्या वाळूचा असा कोन सुमारे तेहेतीस-चौतीस अंशांचा असतो. प्रत्येक घसरणीचा एक पातळ, तिरपा थर मागे राहतो. अशा हजारो थरांनी टेकडीचे अंग भरलेले असते आणि टेकडी वाऱ्याच्या दिशेने हळूहळू पुढे जाते. मागून दुसरी टेकडी येते, पहिलीचा माथा खरवडून नेते आणि तिच्या बुडख्यावर स्वतःचे तिरपे थर घालते. पुढे पाण्यातून आलेला चुना, सिलिका किंवा लोह कणांमध्ये बसले, वरून ओझे आले, की त्याचा वालुकाश्म होतो.

म्हणून डोंगराच्या कड्यात असे मोठमोठे, काही वेळा अनेक मीटर उंचीचे तिरपे थर दिसले, कण एकाच मापाचे, गोल घासलेले आणि भिंगाखाली घुसळलेल्या काचेसारखे मंद दिसले, आणि त्यांत गोटे मुळीच नसले, तर भूवैज्ञानिक वाऱ्याचे नाव घेतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड आहे. त्यामुळे नदी गोटेही वाहते, गाळही वाहते आणि सगळ्यांची मिसळ करून टाकते. वाऱ्याची चाळणी फार बारीक आहे. आणखीही एक खूण आहे. वाऱ्याच्या लहान लाटांनी घातलेल्या पातळ थरांत बारीक कण खाली आणि किंचित जाड कण वर असतात, म्हणजे नदीच्या थरांत सामान्यतः आढळते त्याच्या उलट. तिरपे थर ज्या दिशेला उतरतात, त्या दिशेला तो वारा वाहत होता, हेही होकायंत्राने मोजता येते. माणूस जन्माला येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीच्या वाऱ्याची दिशा खडकावरून सांगता यावी, याचे मला अजूनही नवल वाटते.

शिक्षक मंडळींसाठी येथे एक लहानसा प्रयोग सांगून ठेवतो. काचेचे दोन तुकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या फटीने समोरासमोर उभे करावेत व तळ आणि एक बाजू बंद करावी. जाड साखर आणि बारीक चाळलेली, धुऊन वाळविलेली नदीची काळसर वाळू समप्रमाणात मिसळावी आणि त्या बंद बाजूस वरून संथ धारेने ओतावी. रास वाढत असता पांढरे व काळे पट्टे आपोआप तिरपे उमटतात. जाड कण बारीक कणांपेक्षा अधिक कोनदार असतील तर पट्टे अधिक स्पष्ट येतात. हा प्रयोग शास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तो फार गाजला. त्याला खर्च जवळजवळ नाही, आणि वर्गातील शेवटच्या बाकावरचा मुलगाही उठून पुढे येतो.

आता असे खडक आपल्या जवळ कोठे आहेत ते पाहू. आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरी आहे. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या कडेने ती जाते आणि पुढे तेलंगणात शिरते. तेथे प्राणहिता आणि गोदावरी यांच्या खोऱ्यात काळा पाषाण संपतो आणि फार पुरातन वालुकाश्म उघडे पडतात. त्यांपैकी एकाला व्यंकटपूर वालुकाश्म असे नाव आहे. १९९१ साली तपन चक्रवर्ती या भारतीय भूवैज्ञानिकाने त्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला आणि तो एका प्राचीन वाळूसागराचा अवशेष असल्याचे दाखवून दिले. त्या खडकाचे वय ५४ कोटी वर्षांपेक्षा अधिक आहे. त्या काळी जमिनीवर झाड नव्हते, गवत नव्हते, नुसती पालवीही नव्हती. वनस्पतींनी जमीन व्यापली ती सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीपासून. मुळांनी धरून ठेवलेली माती नसल्यामुळे वाऱ्याला कोणाचीच आडकाठी नव्हती. आज वाळवंट म्हटले की आपण पाऊस नसलेला प्रदेश समजतो. त्या काळी पाऊस पडत असूनही वाळू उडण्यास मोकळीक होती. बांधावरचे गवत काय काम करते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

दुसरे उदाहरण सौराष्ट्रातील. तेथेही आपल्यासारखाच काळा पाषाण आहे, आपल्याच लाव्हाचा तो भाग आहे. परंतु त्याच्या वर, किनाऱ्यालगत आणि जुनागढच्या बाजूस आत दूरवर, टेकड्यांच्या कुशीला फिकट पिवळसर दगड चिकटलेला आढळतो. त्याला मिलिओलाइट म्हणतात. समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या कवचांची ती वाळू आहे. तिचा काही भाग समुद्राने किनाऱ्यावर टाकला, आणि आत टेकड्यांपर्यंतचा भाग वाऱ्याने नेला. हे सर्व गेल्या काही लाख वर्षांतील, म्हणजे भूविज्ञानाच्या हिशेबाने काल-परवाचे. मुंबईतील अनेक जुन्या इमारतींत वापरलेला पोरबंदरचा दगड तो हाच. महाराष्ट्रातील पुष्कळांनी वाऱ्याच्या वाळूचा दगड हाताळला आहे, फक्त त्याची जन्मकथा ठाऊक नव्हती.

आता चिठ्ठीशी ज्याचा सरळ संबंध आहे ते उदाहरण. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलच्या दक्षिण भागात आपल्या दख्खनसारखेच लाव्हाचे विस्तीर्ण पठार आहे. तो लाव्हा सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो वाहण्यापूर्वी तेथे प्रचंड वाळवंट होते. लाव्हा वाळूच्या टेकड्यांवरून वाहत गेला आणि टेकड्या जशाच्या तशा त्याखाली पुरल्या गेल्या. त्या वेळी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका जोडलेल्या होत्या. त्यामुळे त्याच घटनेचा दुसरा अर्धा भाग आज नामिबियात सापडतो. तेथे काही कड्यांत काळ्या लाव्हाखाली पिवळ्या टेकडीचा गोलाकार माथा स्पष्ट ओळखता येतो, जणू वादळ आताच थांबले आहे. त्या प्रदेशातील ट्वायफेलफोंटेन येथे आदिमानवाने वालुकाश्मावर हरिणे, जिराफ, सिंह कोरले आहेत. २००७ साली युनेस्कोने त्या ठिकाणाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

ब्राझीलमधील या पुरलेल्या वाळवंटाचे नाव बोतुकातू वालुकाश्म. त्याच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी भरले आहे. ग्वारानी या नावाने ओळखला जाणारा हा भूजलसाठा ब्राझील, अर्जेंटिना, पॅराग्वे आणि उरुग्वे या चार देशांखाली सुमारे बारा लाख चौरस किलोमीटर पसरला आहे. म्हणजे क्षेत्राने महाराष्ट्राच्या जवळजवळ चौपट. रिबेराओ प्रेतो नावाचे मोठे शहर याच पाण्यावर आपली तहान भागविते. वर काळा पाषाण, खाली वाऱ्याची वाळू आणि वाळूत पाणी! चिठ्ठी लिहिणाऱ्या सदस्यांनी मनात योजिलेले चित्र तेथे अक्षरशः खरे आहे. त्यांची कल्पना वेडगळ नाही, हे मी मुद्दाम सांगतो; कारण गावात अशा प्रश्नाला हसणारे लोक असतात.

प्रश्न एवढाच की जालन्याखाली तसे आहे काय?

आपला लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या वेळी भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती आणि उत्तरेकडे सरकत होती. लाव्हाचे लोट एकावर एक साचत गेले. दोन लोटांमध्ये कधी थोडा, कधी पुष्कळ काळ गेला. त्या विश्रांतीच्या काळात खालच्या लोटाचा पृष्ठभाग झिजून माती झाली आणि वरून आलेल्या तप्त लोटाने ती भाजली. विहीर खणताना दोन पाषाणांच्या मध्ये जो विटकरी, गेरूसारखा पट्टा लागतो, तो हाच. विहिरी खणणारे त्याला गेरू किंवा लाल पट्टा म्हणतात. भूवैज्ञानिक त्याला लाल बोल म्हणतात. जाडी कोठे वीतभर, कोठे पुरुषभर. अजिंठ्याच्या डोंगररांगेत घाट चढताना कड्यावर आडव्या तांबड्या रेषा दिसतात, त्यांतील कित्येक अशाच आहेत.

या पट्ट्यांत वारा मुळीच नाही असे नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत मनोरंजक वाटते. दख्खनच्या लाव्हाचे अचूक वय ठरविणे अवघड होते, कारण वय मोजण्यास सोयीचा झिरकॉन नावाचा स्फटिक काळ्या पाषाणात सहसा मिळत नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि त्यांच्या भारतीय व इतर सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील लोटांच्या मधले लाल थर तपासले आणि त्यांत झिरकॉन सापडले. ते त्या मातीचे नव्हते. वेगळ्या प्रकारच्या, राख उधळणाऱ्या ज्वालामुखींची राख वाऱ्याने आणून त्या मातीवर टाकली होती आणि राखेबरोबर हे स्फटिक आले होते. २०१५ आणि २०१९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. डायनोसोर ज्या सुमारास नामशेष झाले त्या काळाशी दख्खनच्या लाव्हाचा मेळ कसा बसतो, हा जगभर चाललेला वाद आहे, आणि त्यातील एक मोठा पुरावा महाराष्ट्राच्या गेरूत, वाऱ्याने आणलेल्या चिमूटभर राखेत सापडला. आपण तो गेरू विहिरीतून काढून बांधावर फेकून देतो.

परंतु राख वेगळी आणि वाळू वेगळी. वाऱ्याने वाळूच्या टेकड्या रचाव्यात यासाठी प्रथम वाळू हवी. ती बहुतेक ठिकाणी गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या कणांची असते, कारण तो कण घासून झिजतो पण कुजत नाही. ग्रॅनाइट झिजला की असे कण सुटतात. काळ्या पाषाणात गार मुळातच जवळजवळ नसते. तो झिजला की त्याची चिकण माती होते, आपली काळी जमीन होते. ती कापसाला चांगली. वाऱ्याला उड्या मारावयास मात्र निरुपयोगी. शिवाय आपल्या लोटांच्या मधल्या काळात अनेक जागी तळी होती. नागपूरकडे हिस्लॉप आणि हंटर या पाद्रींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा तळ्यांतील शिंपले व वनस्पतींचे अवशेष गोळा केले होते. म्हणून लोटांच्या मध्ये वालुकामय वाळवंट सापडेल, ही आशा धरावयास आधार नाही.

राहता राहिला सर्व लोटांच्या तळाखालचा प्रदेश. येथे आपल्याजवळ अंदाज नव्हे, प्रत्यक्ष खणून पाहिलेले आहे. मात्र ते दुःखद प्रसंगातून आले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. काळा पाषाण ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्या सुमारास संपला. त्याखाली सुमारे आठ मीटर जाडीचा गाळाच्या खडकांचा थर लागला, आणि त्याखाली एकदम पुरातन स्फटिकी खडक. पश्चिमेस कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी छिद्रे घेण्यात आली. तेथे ९०० मीटरपेक्षा जास्त पाषाण भेदल्यावर सरळ ग्रॅनाइटच लागला. मध्ये वाळू नाही, गाळही नाही. विदर्भात काही ठिकाणी लाव्हाखाली लॅमेटा थर व त्याखाली गोंडवनातील वालुकाश्म आहेत, हे खरे; परंतु ते मुख्यतः नद्यांचे व तळ्यांचे काम आहे. किल्लारी आणि कोयना या दोन ठिकाणच्या दाखल्यांवरून मराठवाड्याखाली ग्वारानीसारखा साठा असेल असे मानणे धाडसाचे होईल. लाव्हा येण्यापूर्वी येथील भूमी बहुधा झिजत असलेला उंच प्रदेश होती. साचत असलेले वाळवंट नव्हती.

आता हिशेब करू. मोकळ्या वाळूच्या शंभर घागरी घेतल्या तर कणांमधील पोकळी तीस ते चाळीस घागरींइतकी असते. सगळे पाणी बाहेर निघत नाही, काही कणांना चिकटून राहते. तरीही पुष्कळ निघते. सलग, न भेगाळलेल्या काळ्या पाषाणाच्या शंभर घागरींत एक-दोन घागरी पोकळी मिळाली तरी नशीब. आपल्या भागात पाणी असते ते झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या एकमेकींना जोडलेल्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. जसजसे खोल जावे तसतशा भेगा मिटत जातात. लाल पट्टा चिकण असल्याने स्वतः फारसे पाणी देत नाही. वरून झिरपलेले पाणी त्याच्यावर अडते आणि आडवे सरकते. म्हणून पट्ट्याच्या वरच्या अंगाला कधी झरा लागतो. बोअरमध्ये हाच पट्टा ओला होऊन ढासळतो आणि पुढील खर्च वाया जातो. एका गावात मी स्वतः पाहिले आहे. दोनशे फुटांवर थोडे पाणी लागले होते. "अजून थोडे, अजून थोडे" म्हणत यंत्र सातशे फुटांवर नेले, आणि शेवटी वर आली ती पांढरी धूळ. ज्या शेतकऱ्याने बैल विकून पैसे भरले होते तो त्या धुळीत उभा होता. त्याला त्या वेळी कोणी काही सांगितले नाही, आणि मीही गप्प राहिलो, हे आज कबूल करतो.

महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद केली आहे. पुष्कळांना ती जाचक वाटते. परंतु वर सांगितलेली खडकांची रचना ध्यानात घेतली तर तिच्यामागील कारण कळते. खोल गेलेले छिद्र नवीन पाणी शोधीत नाही. बहुधा ते शेजाऱ्याच्या उथळ विहिरीचे पाणी खाली ओढते.

म्हणजे ज्या वाळूविषयी सदस्यांनी विचारले ती पाषाणाखाली नाही. ती वर आहे, गोदावरीच्या पात्रात, आणि तीच कमी होत आहे. ही वाळू वाऱ्याची नाही. तिचा चमचाभर घेऊन भिंगाखाली पाहा. काळे पाषाणाचे कण, पांढरट झिओलाइट, लालसर गारगोटीचे तुकडे, सर्व कोनदार, लहानमोठे मिसळलेले. लोहचुंबक फिरविला तर काळ्या लोहयुक्त कणांची मिशी त्याला चिकटते. नदीने ती पाषाणातूनच, कण कण करून, हजारो वर्षे घडविली. तिच्या कोनदारपणामुळेच ती बांधकामास चांगली. वाळवंटातील बारीक, गुळगुळीत वाळू काँक्रीटला चालत नाही, म्हणून वाळवंटी देशही बाहेरून वाळू विकत घेतात. आणि तिच्या पोकळ्यांमुळेच ती काठच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरविते. एकाच वाळूकडे घर बांधणारा आणि पाणी पिणारा दोघेही हात पसरतात, येथे खरी अडचण आहे. त्यात पैठणचे धरण १९७६ साली पूर्ण झाल्यापासून वरून येणारा गाळ व वाळू मोठ्या प्रमाणात तेथे अडते. पात्रातून एक मीटर वाळूचा थर काढून नेला, तर जागा नुसती खोल होते असे नाही; त्या थरातील तृतीयांश जागेत साठणारे पाणी कायमचे जाते आणि नदीकाठची पाण्याची पातळी खाली उतरते. भरून निघण्याचा वेग आणि उपशाचा वेग यांचा मेळ नाही. दगड भरडून केलेली वाळू बांधकामास चालते. आपल्या जिल्ह्यात दगडाला तोटा नाही; मात्र खाणी कोठे काढावयाच्या, हेही ग्रामसभेने पाहिले पाहिजे.

चिठ्ठी लिहिणाऱ्या सदस्यांना माझे उत्तर म्हणून असे आहे. अकराशे फूट जाण्यासाठी वर्गणी काढू नका. पात्रातील जी वाळू शिल्लक आहे तिची जाडी मोजून घ्या. लोखंडी सळई ठोकूनही गावातील मुले हे काम एका दिवसात करतील. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर, त्याच त्या जागी मोजा आणि आकडे पंचायतीच्या दप्तरात लिहा. काठच्या चार विहिरींची पातळी त्याच दिवशी नोंदवा. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की कोणत्याही अधिकाऱ्यासमोर किंवा ठेकेदारासमोर बोलताना आपल्या हातात काहीतरी असेल. नदीपासून दूर असलेल्या गावांनी जालना तालुक्यातील कडवंचीला एकदा जाऊन यावे. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या पाणलोटाच्या कामांनंतर त्या गावाने याच काळ्या पाषाणावर द्राक्षबागा उभ्या केल्या आहेत. तेथे कोणी पाताळ गाठले नाही. उतारावर पाणी अडविले आणि मुरमात मुरविले.

शिक्षकांना आणखी एक विनंती. गावात नवी विहीर खणली जात असेल तर खणणाऱ्यांकडून प्रत्येक थराचा मूठभर नमुना मागून घ्या आणि बाटलीवर खोली लिहून शाळेच्या कपाटात ठेवा. वरची काळी माती, मुरूम, मांजऱ्या, लाल पट्टा, काळा पाषाण, असा तो क्रम राहील. शक्य झाल्यास त्यांच्या शेजारी पोरबंदरच्या दगडाचा तुकडा आणि राजस्थानच्या वाळवंटातील चिमूटभर वाळू ठेवा. २०२२ च्या जानेवारीत पश्चिमेकडील वाळवंटी प्रदेशातून आलेली धूळ मुंबईतील मोटारींवर पांढरी बसली होती, हे वर्तमानपत्रांत आपण वाचले असेल. तशी धूळ पुन्हा कधी आली तर शाळेच्या गच्चीवर ओले फडके पसरून ती टिपून घ्या, आणि सहाव्या बाटलीत भरा. लाल पट्ट्याच्या बाटलीशेजारी ती ठेवण्यास माझी काहीच हरकत नाही.

प्रश्नांसाठी मी थांबतो. बाहेर कोपऱ्यातील मेजावर गोदावरीची वाळू, एक भिंग आणि लोहचुंबक ठेवले आहे. जाताना जरूर पाहावे.